कॅसेटवरचा ‘सहा’

मैत्रिणींनो, शेवयांच्या रिकाम्या डब्यात काय काय सापडेल याचा नेम नसतो. गेल्या पावसाळ्यात माळ्यावरचा डबा काढला तर आत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेल्या तीन छोट्या व्हिडिओ कॅसेट निघाल्या. ऑडिओ कॅसेटपेक्षा जरा जाड, पण आकार साधारण तेवढाच. एकीवर धाकट्या दिरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आई, डिसें. ९३’.

त्या साली श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेक होता. भाऊजी न्यूजर्सीहून आले होते, येताना तिथला व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले होते, आणि महिनाभर दिसेल त्याच्यावर तो रोखत फिरत होते. सासूबाई १९९७ साली गेल्या. त्यांचे फोटो घरात वीस-पंचवीस तरी आहेत, पण आवाज कुठेच नाही. आवाज जपून ठेवायचा असतो हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्या लेकीनं आजीचा आवाज कधी ऐकलाच नाही. वन्संना फोनवर सांगितलं तर त्या क्षणभर गप्प झाल्या. वय शहात्तर, एका कानाचं यंत्र आत्ताच बदललेलं. म्हणाल्या, “ऐकू येतंय तोवर एकदा आईचा आवाज ऐकव गं.”

म्हणून या कॅसेटच्या मागे लागले. वाटलं होतं एका दुपारचं काम आहे, पण सव्वा महिना गेला. त्या सव्वा महिन्यात एक गोष्ट कळली, ती तुम्हाला सांगायची आहे. कॅसेट बिघडलेली नव्हती, कॅमेरा बिघडला नव्हता, संगणकही ठीक होता. अडलं होतं ते जुन्या काळी कुणीतरी कुठेतरी घेतलेल्या निर्णयांपाशी. ते निर्णय समजेपर्यंत चित्र उमटलं नाही आणि आवाजही आला नाही.

आधी फीत म्हणजे काय ते बघू. १९२८ साली फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मनीत काम करणाऱ्या माणसानं कागदाच्या पट्टीवर लोखंडाची बारीक पूड चिकटवली आणि तिच्यावर आवाज नोंदवला. तत्त्व सोपं आहे. आवाजाचा विजेचा झोका चुंबकातून जातो, समोरून सरकणाऱ्या पुडीत त्याचा ठसा उमटतो. पण चित्राला आवाजापेक्षा शेकडो पट जास्त झोके लागतात. एवढे झोके मावायचे तर फीत विलक्षण वेगानं पळवावी लागे आणि मोठमोठी रिळं काही मिनिटांत संपत. यावर तोड निघाली १९५६ साली. कॅलिफोर्नियातल्या अँपेक्स कंपनीत चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या गटानं फीत सावकाश चालवली आणि तिच्यावर टेकणारं हेडच गरागरा फिरवलं. त्या गटात रे डॉल्बी नावाचा विशीतला मुलगा होता. पुढे सिनेमा थिएटरात ज्याचं नाव आपण वाचतो, तोच हा डॉल्बी. ती फीत दोन इंच रुंद होती आणि यंत्र कपाटाएवढं.

पुढची युक्ती अशी की, हेडचा ड्रम तिरका ठेवायचा, म्हणजे फितीवर तिरप्या रेघा उमटतात आणि अरुंद फितीतही लांब रेघ मावते. आपण भरतकामात जागा कमी असली की तिरपा टाका घालतो, तसंच हे. १९७५ ला सोनीचं बीटामॅक्स आलं, १९७६ ला जेव्हीसीचं व्हीएचएस, दोन्ही या तिरप्या टाक्यावरच चालत. व्हीएचएस तुम्हाला आठवत असेल, एका रात्रीसाठी व्हीसीआर भाड्यानं आणून सगळी गल्ली तीन सिनेमे एका दमात बघायची. १९८५ ला फीत आठ मिलिमीटरवर आली. ती व्हिडिओ-एट, आणि त्यामुळे कॅमेरा आणि रेकॉर्डर एकत्र असलेला डबा लहान होऊन हातात सहज धरता येऊ लागला. भाऊजींचा कॅमेरा या जातीतला.

कॅमेरा आमच्याकडेच होता. १९९९ च्या फेरीत भाऊजींनी नवा घेतला होता, जुना इथं ठेवून गेले. बॅटरी मेलेली, पण अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं, त्यामुळे आपल्या विजेवर चालला. कॅसेट घालण्याआधी मुलानं पुण्याहून फोनवर बजावलं, “आई, कॅसेटच्या कडेची ती सरकती पट्टी लाल खूण दिसेल अशी सरकव. नाहीतर चुकून बटण दाबलं तर आजीवर रेकॉर्डिंग होईल.” ते केलं. (तुम्ही काही करणार असाल तर पहिलं हे करा, बाकी सगळं नंतर.)

कॅसेट घातली आणि कॅमेऱ्यानं चालायला नकार दिला. बारक्या पडद्यात थेंबासारखी खूण लुकलुकायला लागली. जुलै महिना, आमच्याकडं भिंतीलाही पाणी सुटतं. ती खूण दमटपणाची. फिरत्या ड्रमवर दव साचलं असेल तर ओली फीत त्याला चिकटून गुंडाळली जाते आणि फाटते, म्हणून आत दमट हवा ओळखणारा एक तुकडा बसवलेला असतो, तो सगळं बंद ठेवतो. कुणी म्हणालं हेअर ड्रायर मार. मारू नका. गरम वाऱ्यानं फीत आकसते. मी औषधांच्या बाटल्यांतून, नव्या चपलांच्या खोक्यांतून निघणाऱ्या त्या पांढऱ्या पुड्या साठवते, घरातले सगळे त्यावर हसतात. त्या सगळ्या पुड्या, कॅमेरा आणि कॅसेट मोठ्या स्टीलच्या डब्यात घालून घट्ट झाकण लावलं. चौथ्या दिवशी थेंब गेला. कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून बघितलं. लोणच्यावर येते तशी पांढरी बुरशी फितीच्या कडांवर असती तर ती चालवायचीच नव्हती, ती हेडवर पसरते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. नशिबानं स्वच्छ होती. साडीच्या सुती तुकड्यानं वाचवलं असावं.

कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा लावला तर आत बोटाच्या पेराएवढं काळंपांढरं चित्र हललं. सासूबाई! पाटावर बसलेल्या. पण त्या कॅमेऱ्याला स्पीकर नाही, आणि हॉलमधल्या टीव्हीला जोडायची ती तीन रंगांची वायर कुठं गेली कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे जे काही व्हायचं ते संगणकातूनच.

आमचा घरचा संगणक जुना आहे. २०२० च्या जानेवारीत विंडोज ७ चा आधार कंपनीनं काढून घेतला, तेव्हा मुलानं त्यावर लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं सुरू केलेली आणि मग जगभरच्या लोकांनी हातभार लावून वाढवलेली प्रणाली. फुकट आहे, आणि जुन्या यंत्रावर चालते. माझ्या हिशोबाच्या वह्या आणि व्हिडिओ कॉल यापलीकडे मला त्यातलं फारसं कळत नव्हतं.

कॅमेऱ्यातून वायरीवर जे येतं ते आकड्यांत नसतं, तो विजेचा सलग झोका असतो. संगणकाला आकडेच कळतात. मध्ये दुभाषी लागतो. नव्वदीच्या दशकात हा दुभाषी संगणकाच्या पोटात बसवायचं कार्ड असे, टीव्ही कार्ड म्हणायचे. त्यातली ब्रुकट्री कंपनीची ‘बीटी८४८’ ही चिप इतकी पसरली की लिनक्सवाल्यांनी तिच्यासाठी ड्रायव्हर लिहिला, आणि त्या धडपडीतूनच ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’ नावाची सगळी मांडणी उभी राहिली. तिची दुसरी, नीट केलेली आवृत्ती डिसेंबर २००३ च्या लिनक्स २.६ बरोबर घरोघर पोचली. आजही संगणकाचा कॅमेरा लावला की लिनक्समध्ये तीच मांडणी कामाला येते.

कार्डांच्या जागी मग यूएसबीला लावायचं बोटभर यंत्र आलं. ‘इझीकॅप’ या नावानं ते जगभर विकलं गेलं. इथं एक मजेशीर गुंता आहे. वरचं कवच एक, नाव एक, पण आतली चिप चार वेगवेगळ्या घराण्यांतली असू शकते: सिंटेक, एम्पिया, सोमॅजिक, फुशिकाय. प्रत्येकीला वेगळा ड्रायव्हर. बाहेरून बघून ओळखता येत नाही. सोबत छोटी सीडी मिळते, ती विंडोजपुरती, आणि ती घालायला संगणकात जागाही उरलेली नाही. लिनक्सवर या चिपांसाठी लोकांनी आपल्या वेळात ड्रायव्हर लिहिले. काहींची तर कागदपत्रंही मिळत नव्हती. विंडोजमध्ये ते यंत्र काय बोलतं हे वायरीवर कान लावून ऐकलं आणि त्यावरून त्याची भाषा शोधून काढली. सिंटेकच्या चिपेचा आजचा ड्रायव्हर २०१२ साली लिनक्समध्ये आला, फुशिकायचा २०१३ साली. एम्पियाचा त्याही आधीपासून होता.

मुलानं पुण्याहून तसलंच एक पाठवलं. लावलं. “काळी खिडकी उघड, एलएसयूएसबी लिही,” म्हणाला. संगणकाला जोडलेल्या सगळ्या वस्तूंची यादी आली. त्यातला एक आकडा ०५ई१ नं सुरू होणारा. “सिंटेक! बरं झालं, हिला वेगळं काही घालावं लागत नाही.” माणसाच्या आडनावावरून गाव ओळखावं तसं हे. मला मात्र त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या आवाक्यातलं आहे.

चित्र आलं. पण कसलं! रंग नाही. सासूबाई वरून खाली वाहत जात होत्या, पुन्हा वरून यायच्या, पुन्हा वाहायच्या. आणि खालच्या बाजूला हिरवागार पट्टा. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं फीत गेली. ह्यांनी तर सांगून टाकलं, “तीस वर्षं झाली, राहू दे आता.” मुलालाही वाटलं वायर खराब असेल. वायर बदलली, यूएसबीचं भोक बदललं, दुसरी कॅसेट घातली. तेच.

दोन दिवस मी ती कॅसेट हातात घेऊन नुसती बघत होते. तिच्यावर कंपनीचं नाव होतं आणि त्याखाली ‘पी६-१२०’ असं छापलेलं. १२० म्हणजे मिनिटं, हे उघड होतं. पण सहा कसला? डब्यात चौथी एक कोरी कॅसेट होती, इथंच मुंबईत घेतलेली, तिच्यावर ‘पी५-९०’. मी फोन केला, “अरे, आपल्याकडच्या कॅसेटवर पाच आहे, भाऊजींच्या कॅसेटवर सहा. याचा काही अर्थ असतो का?” तो एकदम ओरडला, “आई! सहा म्हणजे साठ!”

ही साठाची गोष्ट मला फार आवडली, म्हणून थोडी सविस्तर सांगते. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते. ही पद्धत युरोपातली, इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. अमेरिकेत ती साठ वेळा होते. टीव्ही जन्माला आला तेव्हा विजेची घरघर चित्रात उमटायची, पडद्यावर आडवा पट्टा सरकत जायचा. चित्राचा वेग आणि विजेचा वेग एक ठेवला की तो पट्टा जागच्या जागी थांबतो, डोळ्याला खुपत नाही. म्हणून १९४१ च्या अमेरिकी प्रमाणात सेकंदाला साठ अर्धी चित्रं, म्हणजे तीस पूर्ण, आणि प्रत्येकात ५२५ ओळी ठरल्या. युरोपात पन्नास अर्धी, पंचवीस पूर्ण, आणि ओळी ६२५.

मग रंग आला. अमेरिकेनं १९५३ साली रंगाचं प्रमाण मंजूर केलं, तेव्हा लाखो घरांत काळेपांढरे टीव्ही होते, ते टाकून द्या असं लोकांना कसं सांगणार? म्हणून जुन्या झोक्यातच रंग कोंबून बसवला. मांडलेल्या स्वयंपाकघरात नवी सून येते आणि एकही डबा न हलवता तिनं आपली जागा करावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते, तसं. पण एक डबा हलवावाच लागला. रंगाची लहर आणि आवाजाची लहर एकमेकींना धडकू नयेत म्हणून चित्राचा वेग हजारात एक एवढा कमी केला. तीसचे झाले २९.९७. ते विचित्र पाव-आणा आजतागायत सगळ्यांच्या मागे लागलेलं आहे. हे एनटीएससी. त्यात रंग वाटेत बदलायचे, चेहरा कधी हिरवट कधी जांभळट दिसायचा. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रूख यांनी १९६३ च्या सुरुवातीला त्यावर उपाय दाखवला: एक ओळ सोडून दुसऱ्या ओळीत रंगाची दिशा उलटी करायची, म्हणजे एका ओळीतली चूक दुसरीतल्या चुकीनं भरून निघते. हे पाल. आपल्याकडे दूरदर्शनची सुरुवात १९५९ च्या सप्टेंबरात दिल्लीला झाली, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला, पण रंग १९८२ साली एशियाडच्या वर्षी आला, आणि आपण पाल घेतलं.

म्हणजे झालं काय, तर सासूबाई बसल्या होत्या आमच्या सोप्यात, पण त्यांना टिपणारा कॅमेरा अमेरिकेतल्या विजेच्या तालावर चालत होता. भाऊजींच्या कॅमेऱ्यानं सेकंदाला साठ अर्धी चित्रं टिपली होती आणि आमचा संगणक पन्नासची वाट बघत होता. त्याला हव्या होत्या ५७६ दिसणाऱ्या ओळी, येत होत्या ४८०. उरलेल्या जागेत भरायला काहीच नव्हतं, आणि या पद्धतीत ‘काहीच नाही’चा रंग हिरवा निघतो. तो पट्टा म्हणजे बिघाड नव्हता, रिकामं ताट होतं. रंगाची लहरही वेगळी, म्हणून रंग नाही.

आमच्यासारख्या किती घरांत हेच असेल! ऐंशी-नव्वदच्या दशकांत कॅमेरा यायचा तो बहुतेक परदेशातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून. दुबई-लंडनहून आला तर पाल, अमेरिकेहून आला तर एनटीएससी. तुमच्याकडच्या छोट्या कॅसेटवर पाच आहे की सहा, आधी बघा.

काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. ‘व्हीफोरएलटू-सीटीएल’ नावाची आज्ञा आणि तिच्यापुढं एनटीएससी. बस्स. सासूबाई वाहायच्या थांबल्या. पट्टा गेला. आणि रंग आला. त्यांची ती गर्द जांभळी इरकल! मी ती साडी विसरलेच होते. आमचे हे दाराशी उभे होते. आत आले नाहीत, पण गेलेही नाहीत.

ओठ हलत होते. आवाज नव्हता.

आता खरा घोर. कारण सगळा खटाटोप आवाजासाठीच होता. भाऊजींना फोन लावला तर ते म्हणाले, माईक तेव्हाही जरा त्रासच देत होता, कदाचित नसेलही आला. वन्संना मी दोन दिवस काही कळवलं नाही.

या वेळी मुलानं उलट्या बाजूनं विचार करायला सांगितलं. व्हीएचएसच्या साध्या यंत्रात आवाज फितीच्या कडेला वेगळ्या सरळ पट्टीत असतो, म्हणून चित्र चांगलं आणि आवाज गेलेला असं होऊ शकतं. पण व्हिडिओ-एटमध्ये फीत इतकी अरुंद की कडेला जागाच धड नाही. म्हणून आवाज चित्राच्याच तिरप्या रेघेत, त्याच फिरत्या हेडनं, चित्राबरोबर विणलेला असतो. “चित्र इतकं स्वच्छ येतंय, म्हणजे तीच रेघ वाचली जातेय. माईक चालू होता असं धरलं तर आवाज कॅमेऱ्यातून बाहेर येत असलाच पाहिजे. तो पुढं कुठंतरी हरवतोय.” १९८५ साली कुणीतरी जागेअभावी केलेली तडजोड, तिनं मला त्या रात्री झोप दिली.

पुढं म्हणजे कुठं? जुन्या टीव्ही कार्डांच्या काळात चित्र आणि आवाज यांच्या वाटा वेगळ्या होत्या. चित्र कार्डातून आत जायचं, पण आवाजासाठी कार्डातून एक आखूड वायर निघून संगणकाच्या साउंड कार्डाला जोडावी लागे. लिनक्समध्येही चित्राची मांडणी एका गटानं वाढवली, आवाजाची ‘अल्सा’ नावाची मांडणी दुसऱ्यानं. दोन्ही चांगल्या, पण चूल वेगळी. आज यंत्र बोटभर असलं तरी संगणकाला ते दोन पाहुणे म्हणूनच दिसतं: एक चित्र देणारा, एक आवाज देणारा. आमचा प्रोग्रॅम चित्र त्या यंत्राकडून घेत होता, आणि आवाज घेत होता संगणकाच्या स्वतःच्या माईकच्या भोकातून, ज्याला काहीच जोडलेलं नव्हतं. रेकॉर्डिंगमध्ये बारीक सूंऽऽ ऐकू येत होतं ते त्या रिकाम्या भोकाचं.

‘अरेकॉर्ड’ नावाच्या आज्ञेनं आवाजाच्या पाहुण्यांची यादी काढली, दुसरा आकडा निवडला. कॅमेऱ्याला आवाजाचं एकच, पांढरं भोक होतं, म्हणून वायरही पांढरीच लावली, लाल मोकळी सोडली. (पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं.) आणि पुन्हा कॅसेट सुरू केली.

ते मी शेवटी सांगते. आधी जपणुकीचं सांगून टाकते, कारण तुमच्यापैकी काही जणी हे करायला बसणार आहेत.

पूर्ण कॅसेट एकदम उतरवायला गेले तर अर्ध्या तासानंतर ओठ आणि आवाज यांचं जमेना. आवाज पुढं, ओठ मागं. जुन्या फितीचा ताल जरा डळमळतो. जुना टीव्ही ते सोसायचा, त्यातला किरण झोक्यामागून जसा येईल तसा फिरायचा. संगणक सोसत नाही, तो मोजतो. जिथं दोन प्रसंगांमध्ये फीत कोरी आहे तिथं काही चित्रं त्याच्या हातून निसटतात, आवाज मात्र चालूच राहतो. म्हणून दहा-बारा मिनिटांचा एकेक प्रसंग वेगळा उतरवला. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

दुसरं, जागा. काहीही न दाबता उतरवलं तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. मोबाईलवर पाठवायच्या फायलीसारखं दाबून ठेवलं तर जागा वाचते, पण बारीक तपशील कायमचे जातात. मधला मार्ग आहे. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेल्या ‘एफएफएमपेग’ या फुकट साधनात ‘एफएफव्ही१’ नावाची पद्धत आहे. ती गादीची घडी घालते, पण कापूस काढून घेत नाही. उघडली की होती तशी. जगातली मोठी संग्रहालयं ती वापरतात, आणि २०२१ साली तिचा तपशील रीतसर प्रसिद्ध झाला. आम्ही मूळ प्रत त्यात ठेवली, सगळ्यांना पाठवायला दुसरी छोटी केली.

नक्कल करण्याचं महत्त्व आपल्याला नवं नाही. धवलेची ताडपत्रं मूडबिद्रीला पूजेत होती, जुन्या कन्नड लिपीत, वाचणारे मोजके. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींसारख्यांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून खटपट सुरू केली, त्यात वर्षानुवर्षं गेली, आणि छापील पहिला खंड अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ साली काढला. तिथंही पत्रं होती, अक्षरंही होती, अडलं होतं ते ती लिपी वाचणाऱ्यापाशी. ताडपत्रानं मात्र शेकडो वर्षं वाट पाहिली. आपली फीत तेवढी थांबणारी नाही. पुडी धरून ठेवणारा चिकट थर हवेतलं पाणी पितो आणि सुटायला लागतो. कॅमेरेही थांबणारे नाहीत, त्यांच्यातले छोटे धारित्र गळतात, दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत. घरगुती व्हीसीआर बनवणारी जपानची शेवटची कंपनी, फुनाई, तिनंही जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं.

वन्संना आम्ही गाडी पाठवून बोलावून घेतलं. फोनवर ऐकवायचं नव्हतं. त्यांच्या कानाचं यंत्र आणि संगणकाचा स्पीकर यांचं जमेना, शिट्टी वाजायची, म्हणून लेकीनं तिचे मोठे हेडफोन त्यांना घातले आणि आवाज हळूहळू वाढवला.

प्रसंग बारा मिनिटांचा आहे. सासूबाई तांदूळ निवडताहेत. भाऊजी कॅमेऱ्यामागून विचारतात, आई, काहीतरी बोल. त्या म्हणतात, काय बोलू, मी काय भाषण करतेय होय. मग बेळगोळच्या पायऱ्या किती चढवल्या, कुणाच्या पायाला काय झालं, कुणाची पिशवी हरवली, असलं सगळं. मध्येच हसतात. ते हसणं मी विसरले होते. सोप्याच्या दारातून येणारा उजेड हळूहळू कमी होत जातो, चित्रात रवाळ ठिपके वाढत जातात, रंग फिके पडतात. आणि मग त्या वर बघतात, दाराकडे, आणि एकदम आवाज बदलतो.

“ठेव की ते यंत्र आता. दिवस बुडाय लागलाय. आधी जेवून घे चल, अन्‌ धाकटीला पण हाक मार, कवाचं काम करतीया.”

धाकटी म्हणजे वन्सं. त्यांनी हेडफोन काढले नाहीत. म्हणाल्या, “परत लाव.”